गाडीखालची परात

आप्पासाहेबांच्या टँकरचं पाणी घ्यायचं नाही असं मी ठरवलं, तेव्हा घरात दीड कळशी पाणी होतं. (निर्णय घ्यायला मला पाणी लागत नाही.)

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षीची ही गोष्ट. नळ पंधरा दिवसांनी यायचा, तोही खोकल्यासारखा. दोनदा खाकरला की गप्प. आप्पासाहेब म्हणजे आमच्या वॉर्डाचे नगरसेवक. त्यांचा टँकर दिवसाआड गल्लीत यायचा. टँकरवर त्यांचा फोटो, फोटोखाली जोडलेले हात, हातांखाली तोटी. पाइप लावायच्या आधी त्यांचा माणूस मोबाइल धरायचा आणि बायांनी 'आप्पासाहेबांमुळं पाणी मिळालं' असं हसून म्हणायचं.

माझी पाळी आली तेव्हा आप्पासाहेब स्वतः हजर होते.

"मावशी, जरा हासून बघा हिकडं."

"पाणी तुमच्या घरच्या हिरीचं हाय का?" मी विचारलं.

"न्हाई. महापालिकेचं."

"मग ते माझंच हाय. माझ्या पाण्यासाठी मी कामून हासू?"

मागं उभ्या असलेल्या बाया हसल्या. आप्पासाहेब हसले नाहीत. मग मी सगळ्या गल्लीसमोर सांगितलं, की या टँकरचा एक थेंब माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. रिकामी कळशी कमरेला लावून मी घरी आले. चालण्यात जरा जास्तच तोरा होता, हे कबूल करते.

किशनराव दारातच उभे होते. किशनराव म्हणजे माझा नवरा. (नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. चाळीस वर्षं एका माणसाच्या चहात साखर घातली की त्याचं नाव घ्यायचा हक्क मिळतो, असं माझं मत आहे.) लातूर नवा जिल्हा झाला त्या वर्षी ते कलेक्टर कचेरीत, टंचाई शाखेत क्लार्क लागले आणि पंचवीस वर्षं टँकरचे प्रस्ताव लिहून रिटायर झाले. जिल्हा आता जुना झाला, टंचाई अजून नवीच आहे. मी शाळेत गेले नाही. ते ज्या फायली घरी आणायचे, त्यांवरून मी वाचायला शिकले. त्यामुळं मला वाचता आलेलं पहिलं सबंध वाक्य म्हणजे 'उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की'. विहारातल्या वाचनालयाची पुस्तकं त्यानंतरची.

"रिकामी?" त्यांनी कळशीकडं बघून विचारलं.

"हाव."

"आता आंघोळ कशानं करायची?"

"स्वाभिमानानं," मी म्हणाले. ते काही बोलले नाहीत. टंचाई शाखेत माणूस गप्प राहायला शिकतो.

त्याच दुपारी मी गाडीनं बाजारातून परत आले. गाडी मी चालवते. साठीनंतर पुस्तक वाचून आणि मैदानावर चकरा मारून शिकले. अंगणात गाडी उभी केली, उतरले आणि बघते तर गाडीखाली ओल. थेंब थेंब पाणी ठिपकत होतं. स्वच्छ, थंडगार. मी गुडघ्यावर बसून त्याच्याकडं इतका वेळ बघत राहिले की किशनरावांना वाटलं, माझी कंबर धरली.

पाणी एसीचं होतं. हवेतली ओल थंड होऊन गळते, हे मी मासिकात वाचलेलं होतं. मी आतून परात आणली, थेंबांखाली सरकवली, किशनरावांना गाडीत बसवलं आणि इंजिन चालू ठेवायला सांगितलं.

"किती येळ?" त्यांनी विचारलं.

"पाऊस पडंस्तोर."

इथं गाडीबद्दल सांगायला पाहिजे. गाडी आमची नव्हे. आमची मुलगी सिंधु पुण्याला कंपनीत आहे, तिनं स्वतःच्या नावावर घेऊन आम्हाला दिलेली. लातूरच्या शोरूमला चार महिन्यांचं वेटिंग होतं म्हणून नांदेडहून घेतली. दोन वर्षांची वॉरंटी. देताना सिंधुनं स्पष्ट सांगितलं होतं, "आई, तुमचं वय झालं, तिथं पाणी नाही, दवाखाना लांब. गाडी आहे म्हणून मी तुम्हाला तिथं राहू देते. गाडीनं एकदा जरी त्रास दिला ना, मी येऊन घराला कुलूप लावणार आणि दोघांना पुण्याला घेऊन जाणार."

मला पुण्याला जायचं नव्हतं. लातूरचं घर तीन खोल्यांचं आहे, पण त्याच्या कागदावर माझं नाव आणि माझ्या हातची सही आहे. अंगठा नव्हे, सही. सिंधुच्या फ्लॅटवर तर दाराची घंटासुद्धा तिच्या नवऱ्यानं पसंत केलेली. म्हणजे गाडीला जपणं हा माझ्या जगण्या-मरण्याचा प्रश्न होता, आणि मी तिला कशी जपली ते आता ऐका.

पहिल्या आठवड्यात परातीत वाटीभर पाणी पडायचं. मी हिरमुसले, पण बोलून दाखवलं नाही. मग हळूहळू पाणी वाढलं. मार्च लागला तेव्हा पाच तासांत दोन कळश्या भरायला लागल्या. परात कळशीत ओतायचं काम किशनरावांकडं होतं. ते गाडीतच असायचे, सीट मागं टेकवून, पेपर तोंडावर घेऊन. प्यायला नळाचं साठवलेलं पाणी, आणि आंघोळ, भांडी, धुणं सगळं गाडीच्या पाण्यावर.

आमची शेजारीण पार्वतम्मा निलंग्याकडची. दुपारी ऊन टाळायला ती यायची आणि पाण्याचा तांब्या घेऊन गाडीत बसायची. तिच्यामागं जगदेवी आली, सिद्धम्मा आली. उन्हाळ्यात कुठली बाई तांब्याशिवाय घराबाहेर पडते? तर झालं असं, की ज्या दिवशी गाडीत तीन बाया बसल्या, त्या दिवशी पाणी तीन कळश्या निघालं. ज्या दिवशी कोणी आलं नाही, त्या दिवशी दीडच.

मी दोन दिवस विचार केला आणि मला शोध लागला. माणसाच्या श्वासात ओल असते, घामात ओल असते. जितकी माणसं जास्त, जितकं बोलणं जास्त, तितकं पाणी जास्त. (शाळेत गेलेल्या लोकांना असे शोध लागत नाहीत. त्यांना पुस्तकात लिहिलेलं असतं ना, की लागणार नाहीत.) मी बायांच्या पाळ्या लावल्या. गप्प बसणारीला मागची सीट, बोलणारीला एसीसमोरची.

"पार्वतम्मा, सुनंबद्दल बोल," मी काचेतून सांगायचे. "पाणी कमी पडून राहिलं."

पार्वतम्मा सुनेबद्दल बोलायला लागली की खरंच अर्धी कळशी वाढायची.

मे महिन्यात वास सुरू झाला. कुजक्या अंड्यांचा.

"यव्वा, गाडीत अंडी ठेवलीस काय ग?" पार्वतम्मानं नाकाला पदर लावून विचारलं. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडं शिरलेलं नाही.

"न्हाई."

"मग काय नासलं?"

आम्ही दोघींनी एकदमच किशनरावांकडं बघितलं.

"मी न्हाई," किशनराव म्हणाले.

"सकाळी हरभऱ्याची उसळ किती खाल्ली?" मी विचारलं.

"तूच वाढलीस."

तीन दिवस मी त्यांना ओवा आणि गरम पाणी दिलं. उसळ बंद, वरण बंद, कांदा बंद. माणूस वाळला, वास वाढला. बायांनी यायचं बंद केलं, पाणी आटलं, आणि माझा श्वासाचा सिद्धांत आणखी पक्का झाला. चौथ्या दिवशी मी गाडी गंजगोलाईच्या बाजाराकडं न्यायला बाहेर काढली, तर ती चालेचना. एक्सलेटर दाबला की हुंदका देऊन थांबायची. एक सायकलवाला मला ओलांडून गेला आणि पुढं जाऊन, काही मदत पाहिजे का, असं विचारायला परत आला.

लातूरच्या सर्व्हिस सेंटरात नरसिंग मिस्त्रीनं गाडी वर उचलली, खालून एक डबा ठोकला आणि कान लावला.

"मावशी, ह्याचं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलं."

"ते काय असतंय?"

"सायलेन्सरच्या अलीकडं हा डबा. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी. इंजिनाचा घाण धूर त्यातून साफ होऊन जातो. तुमचं पोळं काजळीनं बुजलंय. गाडीला श्वास सोडता येईना. वास त्याचाच."

मी किशनरावांकडं बघितलं. ओव्यानं सुकलेला माणूस. त्यांनी मान फिरवली.

"हे किती दिवस टिकतं?"

"लाखभर किलोमीटर तरी जातंच. तुमची चालली सहा हजार. लईच लवकर गेलं."

"मग वॉरंटीत हाय. बदला."

"मंजुरी नांदेडहून घ्यावी लागंल. गाडी तिथली हाय. टोचन करून न्या."

दोरीला बांधलेली माझी गाडी आप्पासाहेबांच्या ऑफिससमोरून जाणार, हे काही मला जमण्यासारखं नव्हतं. आणि सिंधुला कळायच्या आत काम व्हायला पाहिजे होतं. मी घरी येऊन वॉरंटीचं पुस्तक काढलं. चौऱ्याऐंशी पानं, इंग्रजीत. शब्दकोश आणि भिंग घेऊन चार दिवसांत वाचून काढलं, लाल पेनानं खुणा केल्या, आणि पाचव्या दिवशी पहाटे आम्ही निघालो.

लातूर ते नांदेड साधारण साडेतीन तास. आम्हाला नऊ लागले. चाकूरला पोचलो तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. पाण्याचा एक टँकर आम्हाला तीनदा मागं टाकून गेला, कारण मधे मधे तो गावांत पाणी वाटायला थांबत होता. अहमदपूरच्या पुढं एक चढ आहे. तिथं किशनराव म्हणाले, "वजन कमी करतो," आणि उतरले. मी वर पोचले तेव्हा ते रसवंतीवर बसून दुसरा ग्लास पीत होते.

"सिंधुचा फोन आलता," ते म्हणाले. "कुठं हायत विचारलं."

"काय सांगितलं?"

"रसवंतीत."

खोटं बोलता न येणाऱ्या माणसाशी संसार करणं किती अवघड असतं, हे मी तेव्हा मनात म्हटलं. (त्या दिवशी माझं सगळंच चुकत होतं.)

नांदेडच्या सर्व्हिस सेंटरात वॉरंटीचा इंजिनिअर भीमाशंकर नावाचा होता. तिशीतला, डोळ्यांखाली काळं, टेबलावर पाण्याची रिकामी बाटली. तिथंही पाण्याची तीच गत होती. मी बसले, पुस्तक उघडलं आणि सुरुवात केली.

"उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, तुमचा डबा सहा हजारात खराब झाला. पान एकसष्ट."

"मावशी, हे पुस्तक तुम्ही पुरतं वाचलं?"

"हाव. तुम्ही?"

त्यानं गाडीला वायर लावली, कॉम्प्युटरमध्ये बघितलं, चष्मा पुसला आणि परत बघितलं.

"गाडी चालली सहा हजार किलोमीटर. इंजिन चाललं सातशे तास. म्हंजी तुमच्या गाडीचा वेग झाला ताशी साडेआठ किलोमीटर."

"लातुरात खड्डे लई हायेत."

"मावशी, त्यातले साडेपाचशे तास गाडी एका जाग्यावर उभी हाय. एसी फुल. एवढा येळ उभं ठिवून इंजिन चालवलं की काजळी धरतीच. काय करत होता तुम्ही?"

खोटं मला बोलायचं नव्हतं. मी सगळं सांगितलं. परात, कळश्या, बायांच्या पाळ्या. आजूबाजूचे मेकॅनिक हातातले पाने खाली ठेवून जवळ आले. कोणी हसलं नाही. पाण्याची गोष्ट होती.

"ह्याला असामान्य वापर म्हणतात," भीमाशंकर म्हणाला. "असामान्य वापराला वॉरंटी न्हाई."

"वापर सामान्यच हाय. दुष्काळ असामान्य हाय. आन गाडीच्या पाण्यानं आंघोळ करू नये, असं चौऱ्याऐंशी पानांत कुठं लिहिलंय ते दाखवा."

त्यानं खरंच पानं चाळली. मग पुस्तक मिटून विचारलं, "पण पाणी किती निघतं?"

"पाच तासाला दोन कळश्या. बाया बोलत्या असल्या तर तीन."

"शक्य न्हाई. इतक्या कोरड्या हवेत एवढं पाणी निघणारच न्हाई."

"तुम्ही कुठं शिकला?"

"विष्णुपुरीला. इंजिनिअरिंग कॉलेज."

"मी कुठंच शिकले न्हाई. पण कळशी मोजता येते."

आता प्रश्न डब्याचा राहिला नव्हता. त्यानं दारात उभी असलेली एक नवी गाडी पुढं घेतली, चहाची किटली खाली ठेवली, एसी लावला. मी चार मेकॅनिक आत बसवले आणि काचेतून सांगितलं, "बोला." ते लाजले. "पगाराबद्दल बोला," मी सांगितलं. मग ते जे बोलायला लागले, ते तासभर थांबलेच नाहीत.

तासानं भीमाशंकरनं किटली आणली आणि कपात ओतली. कप भरला, आणि वर दोन घोट उरले.

मी कपाकडं बघितलं. मग किशनरावांकडं. ते भिंतीवरचं इंजिन ऑइलचं कॅलेंडर बघत होते, तेही मागच्या वर्षीचं.

"किशनराव."

"हं."

"कळश्या कशानं भरत होत्या?"

किशनरावांनी पंचवीस वर्षं टंचाईची खरी माहिती वरच्या साहेबाला किती सावकाश द्यायची, ते शिकून घेतलेलं होतं.

"पयल्या आठवड्यात वाटीभरच पडायचं," ते म्हणाले. "तुझं तोंड बघवंना. मी पार्वतम्माच्या ड्रममधून आधी दोन तांबे, मग कळशीभर घालत गेलो."

"आन बाया?"

"बाया बसायच्या ना गार हवेत. फुकट कशाला बसतील. येताना हरेक जण तांब्या घेऊन यायची. कळशीत घालायची आन मग बसायची."

"पार्वतम्मा सुनंबद्दल बोलायची तवा अर्धी कळशी वाढायची, ती?"

"तिला लई येळ बसायचं असायचं. ती दोन तांबे जास्त घालायची."

"आन तिच्या ड्रममधलं पाणी कुठलं?"

हे विचारायला नको होतं. सगळ्या मेकॅनिकांना उत्तर कळलं होतं.

"आप्पासाहेबाच्या टँकरचं," किशनराव म्हणाले.

चार महिने मी आप्पासाहेबांच्या पाण्यानं आंघोळ करत होते आणि तेच ओले केस वाळवत ओट्यावर बसून आप्पासाहेबांना शिव्या देत होते. सगळी गल्ली ऐकत होती. सगळ्या गल्लीला माहीत होतं. माझ्या तोंडावर कोणी हसलं नाही, एवढी माझी जरब. जरबेचा एक तोटा असा, की खरं सांगायला कोणी जवळ येत नाही.

मी खुर्चीत बसले. उपरोक्त विषयी सादर करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"लिहा साहेब," मी शेवटी म्हणाले. "नामंजूर लिहा. चूक माझी हाय."

भीमाशंकरनं तो कप बाजूला सरकवला. मग त्यानं फॉर्म ओढला.

"सद्भावनेत बसवतो," तो म्हणाला. "कंपनीला वर्षाला दोन-चार डबे असे देता येतात. तुमच्या पान एकसष्टमुळं न्हाई हां मावशी. साडेपाचशे तास गाडीत बसून बायकोचं मन राखणारा माणूस मी पयल्यांदा बघतोय. पण गाडी ज्यांच्या नावावर हाय, त्यांची संमती लागंल. फोन लावावा लागंल."

"त्याच्याशिवाय जमंल का?"

"न्हाई जमत."

त्यानं स्पीकर लावला. मला वाटलं तो थोडक्यात आटपेल. पण विष्णुपुरीचा विद्यार्थी तो, त्यानं रिपोर्ट सुरुवातीपासून वाचला. सातशे तास वाचले, परात वाचली, बायांच्या पाळ्या वाचल्या, तांबे वाचले. मी डोळे मिटून घेतले आणि मनातल्या मनात घराला कुलूप लावलं. तीन खोल्या झाडून घेतल्या. कागदपत्रांची पिशवी कुठं ठेवायची, तेही ठरवलं.

रिपोर्ट संपला.

"सिंधु," मी म्हणाले. "कुलूप कधी लावायला येतीस?"

"थांब आई. विचार करतेय."

"त्यात इचार कसला? तू बोलली होतीस. मी बॅग भरते."

"नको," ती घाईनं म्हणाली. "आई, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोनशे गाड्या आहेत. तू लातूरलाच राहा."

मी जिंकले होते. घर राहिलं, सही राहिली, डबाही फुकट मिळाला. जिंकल्यावर माणसाला एवढं दमल्यासारखं का वाटावं, ते मात्र त्या चौऱ्याऐंशी पानांत कुठंच नव्हतं.

"आणि आई," सिंधु म्हणाली, "पप्पांना यायचं असेल तर त्यांना येऊ दे."

"ते कशाला येतील मला सोडून?" मी म्हणाले आणि शेजारच्या खुर्चीकडं वळले.

खुर्ची रिकामी होती. किशनराव बाहेर गेटवर उभे राहून वॉचमनला विचारत होते, पुण्याची एसी ट्रॅव्हल्स कुठून सुटते.